दातातील रेझिन आणि पेशीपटल : उशिरा विचारलेला प्रश्न

किडलेला दात कोरून त्यात दाताच्याच रंगाचे फिलिंग भरणे आज जयपूरपासून जळगावपर्यंत रूढ आहे. या रेझिनचा पाया अमेरिकेत राफेल बोवेन यांनी घातला. त्यांच्या बिस-जीएमए या मोनोमरला १९६२ मध्ये पेटंट मिळाले. तो मधासारखा दाट असल्याने त्यात पातळ टीईजीडीएमए मिसळतात. निळा प्रकाश पडला, की रेणू एकमेकांना जोडले जाऊन कठीण जाळे बनते. मात्र काही रेणू सुटेच राहतात आणि बाहेर झिरपतात.

ते पेशीत कसे शिरतात? याचे सूत्र बोवेन यांच्या साठ वर्षे आधीच सापडले होते. १८९९ मध्ये ओव्हरटन यांनी मांडले, की पदार्थ मेदात जितका सहज विरघळतो, तितका तो पेशीत सहज शिरतो. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी पेशीपटल मेदाच्या दोन थरांचे असल्याचे सांगितले. हे ज्ञान रेझिनला लावून पाहिले गेले ते बरेच नंतर. १९८० च्या दशकात जपानमध्ये फुजिसावा यांनी मेदाच्या कृत्रिम पुटिकांत मोनोमर मिसळले, तेव्हा मेदथरांची मांडणी बदललेली दिसली.

पुढे कळले, की टीईजीडीएमए पेशीतील संरक्षक ग्लुटाथायोनही खर्ची घालतो. खोल खड्ड्याच्या तळाशी दंतमज्जेच्या जिवंत पेशी अगदी जवळ असतात. म्हणून लक्षात ठेवा : पातळ थर आणि पुरेसा प्रकाश यांमुळे फिलिंग मजबूत होतेच, शिवाय पेशींपर्यंत पोचणारे सुटे मोनोमरही कमी होतात.