घरी ‘राइट’ केलेली सीडी वाजत का नाही?

संगणकावर सुरळीत चालणारी सीडी दिवाणखान्यातील प्लेअर किंवा मोटारीतील स्टीरिओ स्वीकारत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. अशी सीडी खराब समजून फेकून देण्याची घाई करू नये. घरातील ज्येष्ठांचा आवाज किंवा कॅसेटवरून उतरवलेली मैफल कित्येकदा त्या एकाच तबकडीवर असते आणि ती शाबूतही असते.

स्वरूप : फिलिप्स व सोनी यांनी १९८० मध्ये ठरविलेल्या ‘रेड बुक’ मानकानुसार तयार झालेली ऑडिओ सीडीच जुने प्लेअर ओळखतात. विंडोज संगणकावर ‘सीडीए’ नावाचे ट्रॅक दिसल्यास ती ऑडिओ सीडी समजावी. एमपी३ फाइल दिसल्यास ती डेटा सीडी होय. त्या फाइल संगणकावर घेऊन ‘ऑडिओ सीडी’ हा पर्याय निवडावा व नव्या तबकडीवर राइट कराव्यात.

फायनलाइझ : राइट करताना शेवटी सत्र बंद न केल्यास तबकडीवर अंतिम अनुक्रमणिका लिहिली जात नाही. संगणक तरीही ती वाचू शकतो, साधा प्लेअर मात्र गोंधळतो. राइट करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फायनलाइझ’ची सोय असल्यास तीच सीडी दुरुस्त होऊ शकते.

परावर्तन : कारखान्यात छापलेली सीडी लेझर किरणाचा सुमारे ७० टक्के किंवा अधिक प्रकाश परत पाठवते. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूमध्ये हे प्रमाण केवळ १५ ते २५ टक्के असते. जुन्या प्लेअरला एवढा क्षीण प्रकाश पुरत नाही. म्हणून गाण्यांसाठी सीडी-आरच वापरावी, ७४ किंवा ८० मिनिटांची मर्यादा ओलांडू नये आणि राइट करण्याचा वेग मध्यम ठेवावा.

स्वच्छता : मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावे, गोलाकार पुसू नये. कागदी लेबलमुळे तबकडीचा तोल बिघडतो, ते लावू नये. इतर सर्वच सीडी अडखळत असतील, तर दोष प्लेअरच्या लेन्सचा असण्याची शक्यता अधिक.

सीडी-आरमधील रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने हळूहळू निकामी होतो. त्यामुळे आज एखाद्या जरी ड्राइव्हवर सीडी वाचता येत असेल, तर प्लेअरची चिंता नंतर करावी. आधी तिची प्रत हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी उतरवून घ्यावी.