एस्प्लनेडची हिरवळ आणि समुद्रकाठचे जिमखाने

मुंबईच्या किल्ल्यावर चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तटाबाहेर जी जमीन मोकळी राखली गेली, ती ‘एस्प्लनेड’ या नावाने ओळखली जाई, आणि ओव्हल, क्रॉस, आझाद व कूपरेज ही आजची मैदाने म्हणजे तिचेच उरलेले तुकडे होत. 1860च्या दशकात तटबंदी पाडली गेली, तेव्हा ओव्हलच्या पूर्वेस उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांच्या गॉथिक शैलीच्या इमारती उठल्या, पुढे पश्चिमेस आर्ट डेको शैलीची घरे आली, आणि 2018 मध्ये युनेस्कोने या दोन्ही समूहांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. वारशाच्या वर्णनांत मैदान बहुधा इमारतींची पार्श्वभूमी म्हणून येते. वास्तविक त्या गवतावर हक्क कोणाचा, या वादानेच शहराच्या पश्चिम किनाऱ्याला त्याचा आजचा आकार दिला आहे.

एस्प्लनेडवर क्रिकेट खेळण्याचा प्रघात एतद्देशीयांत प्रथम पाडला तो पारशी तरुणांनी. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब 1848 चा. 1875 मध्ये युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना स्थापन झाला (‘जिमखाना’ या शब्दाचे मूळ ‘गेंदखाना’ म्हणजे चेंडूच्या खेळाची जागा असे सांगतात), आणि त्याच्या सभासदांनी देशी खेळाडूंच्या मैदानावर पोलो आरंभिला. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कोठे उसळेल याचा नेम राहत नसे, आणि स्वतःची क्रिकेटची हिरवळ मात्र जिमखान्याने राखून ठेवली होती, हा तक्रारदारांच्या मुद्द्यांतला सर्वांत बोचरा मुद्दा होता. 1880च्या दशकाच्या आरंभी सरकारकडे अर्जांमागून अर्ज गेले. शापूरजी सोराबजी यांनी हा सारा झगडा 1897 च्या आपल्या पुस्तकात सविस्तर नोंदविला आहे.

सरकारने यातून काढलेली वाट सोयीची आणि दूरगामी होती: भरावाने मिळालेल्या केनेडी सी फेस या समुद्रकाठच्या पट्ट्यात, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हलगत, प्रत्येक समाजाला वेगळी जागा. 1885 मध्ये स्थापन झालेल्या पारशी जिमखान्याला 1887 मध्ये तेथे भूखंड मिळाला, आणि पुढील दशकात, लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना, इस्लाम जिमखाना व परमानंददास जीवनदास यांच्या नावाचा हिंदू जिमखाना त्याच किनाऱ्यावर आले. सामाईक मैदानाचे भांडण असे धर्मवार कुंपणांत मिटविण्यात आले, आणि खेळाच्या स्पर्धाही त्याच साच्यात ओतल्या गेल्या. युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत 1907 मध्ये हिंदू आणि 1912 मध्ये मुस्लिम संघ मिळून चौरंगी स्पर्धा झाली, आणि 1937 मध्ये ‘शेष’ संघ येऊन तिची पंचरंगी झाली.

परंतु कुंपणाच्या आतही जमीन सपाट नव्हती. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज पुण्यात खेळत असताना सवर्ण सहकाऱ्यांचा चहा मंडपात होई आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात दिला जाई. मुंबईत हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले, आणि 1906 मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांचा पराभव झाला त्यात त्यांचा मोठा वाटा होता. तरी कर्णधारपद त्यांच्या हाती कधीच रीतसर आले नाही. 1920 मध्ये यावरून त्यांच्या भावांनी संघातून माघार घेतली, तेव्हा बाळूंना उपकर्णधारपद मिळाले, आणि 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार होऊन हिंदूंनी चौरंगी जिंकली. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र हिंदू जिमखान्याच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे.

भारतातील पहिला कसोटी सामना डिसेंबर 1933 मध्ये बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर झाला आणि लाला अमरनाथ यांनी त्यात 118 धावा केल्या, त्या वेळी यजमान क्लबचे सभासदत्व भारतीयांना बंद होते. 1937 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिल्यावर मोठे सामने तिकडे गेले, आणि 1946 मध्ये पंचरंगीही बंद पडली. जिमखान्यांची नावे व जागा मात्र जशाच्या तशा राहिल्या. 1948 मध्ये सुरू झालेल्या, पावसाळ्यात भिजलेल्या खेळपट्ट्यांवर खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमुळे मैदानांवरील क्लबांची वर्दळ टिकली; आणि ज्या पारशी जिमखान्यासाठी एके काळी समाजाच्या नावाने भूखंड मागावा लागला, त्याच्याकडून पुढे सूर्यकुमार यादव खेळले.