डुकराचा वाटा आणि सरकारचा दर

मागच्या महिन्यात खांडबारा स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो. सोबत कॉलेजपासूनचा एक मित्र होता. त्याचं घर जवळच्याच एका पाड्यावर आहे आणि घरामागे त्यानं चार डुकरं पाळली आहेत. त्यातलं एक आता साधारण 80 किलोचं झालंय. तो म्हणाला, "तू जनावरांच्या रोगांच्या इतिहासावर पीएचडी करतोयस ना? मग एवढं सांग, घरच्या डुकराचं मटण ओळखीच्यांना किलोला काय भावानं द्यायचं?"

मी आधी हसलो. माझा विषय वेगळा, याचा प्रश्न वेगळा, असं वाटलं. पण गाडी येईपर्यंत लक्षात आलं की माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण याच प्रश्नाभोवती फिरतंय. फक्त तिथे भाव ठरवणारा मित्र नसतो, सरकार असतं. हे दोन भाव एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, ते आज सांगतो.

आधी वाटा

गावाकडे घरचं जनावर कापलं की मांस किलोवर विकायची पद्धत अगदी अलीकडची. जुनी पद्धत वाट्यांची. तुमच्यापैकी अनेकांनी ती बोकडाच्या बाबतीत पाहिली असेल. दहा-बारा घरं आधी ठरवतात, जनावर कापलं जातं, आणि पानांवर किंवा कागदावर सारखे ढीग मांडले जातात. प्रत्येक ढिगात थोडी कलेजी, थोडी चरबी, थोडी हाडं, थोडं नुसतं मांस. कुणाला फक्त मांडीचं मांस आणि कुणाला फक्त बरगड्या, असं होत नाही. जनावराची किंमत भागिले वाटे, हा हिशोब.

या पद्धतीत दोन गोष्टी फार शहाणपणाच्या आहेत. एक, फ्रिज नसताना एका दिवसात सगळं मांस संपलं पाहिजे, म्हणून गिऱ्हाईक आधी ठरतं आणि सुरी नंतर लागते. दोन, भाव सगळ्यांसमोर ठरतो, त्यामुळे ओळखीच्या माणसाकडून जास्त घेतले असं कुणी म्हणत नाही.

पण वाट्याच्या हिशोबात एक मोठी गोष्ट सुटते, ती म्हणजे पाळणाऱ्याची मेहनत. जनावर बाजारातून विकत आणलं असेल तर त्याची किंमत सगळ्यांना माहीत असते. घरीच वाढवलेलं असेल तर किंमत कशी काढणार? माझा मित्र नेमका इथेच अडकला होता. पिल्लू कितीला आणलं ते त्याला आठवत होतं. आठ-नऊ महिने रोज कोंडा, भाजीचा पाला आणि खरकटं घातलं, त्याचा हिशोब कुठेच नव्हता.

80 किलोचं डुक्कर म्हणजे किती मांस?

थोडं गणित करू. डुकराच्या जिवंत वजनाच्या साधारण 70 टक्के वजन कापून साफ केल्यावर उरतं. शेळी-बोकडात हे प्रमाण 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून बोकडाचा हिशोब डुकराला लावला की घोळ होतो. गावठी डुकरात हा आकडा थोडा कमी धरावा, पण सोयीसाठी 70 च घेऊ. म्हणजे 80 किलोमागे 56 किलो मांस, हाडं आणि चरबीसकट.

समजा मित्रानं 250 रुपये किलो भाव लावला. हा आकडा मी फक्त उदाहरणासाठी घेतलाय, तुमच्या गावात वेगळा असेल. 56 गुणिले 250 म्हणजे 14,000 रुपये. त्यातून पिल्लाची किंमत, खाद्य, औषध आणि कापणाऱ्याचे पैसे वजा करा. चारपैकी एखादं मध्येच मरतं, त्याचा खर्चही उरलेल्या तिघांवर वाटा. जे उरेल ती नऊ महिन्यांची मजुरी. बहुतेक वेळा ही मजुरी बरी दिसते ती एकाच कारणाने, खाद्य जवळजवळ फुकट असतं म्हणून. हे फुकटचं खाद्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

लंडनजवळची गाय, 40 शिलिंग

आता जरा लांब जाऊ. 1714 साली लंडनच्या परिसरात गायींमध्ये बुळकांडीची साथ आली. राजा पहिला जॉर्ज याचा शल्यवैद्य थॉमस बेट्स याला उपाय शोधायला सांगितलं गेलं. त्याचा उपाय सरळ होता. आजारी गायी मारून जाळायच्या आणि मालकाला प्रत्येक गायीमागे 40 शिलिंग द्यायचे. पैसे का द्यायचे? नाहीतर मालक आजार लपवणार आणि गाय बाजारात नेणार. काही महिन्यांत साथ आटोक्यात आली.

दीडशे वर्षांनी, 1865 मध्ये, बुळकांडी पुन्हा ब्रिटनमध्ये आली, तेव्हा हा धडा विसरला गेला होता. सुरुवातीला निरीक्षकांना आजारी जनावर मारायचा अधिकार दिला गेला, भरपाई मात्र नाही. व्हायचं तेच झालं. शेतकऱ्यांनी जनावरं लपवली, घाईनं विकली, आणि रोग बाजारामार्फत पसरत गेला. फेब्रुवारी 1866 मध्ये कायदा झाला. आजारी जनावराला किमतीच्या निम्मी भरपाई, आणि त्याच्या संपर्कात आलेलं पण निरोगी जनावर मारलं तर तीन चतुर्थांश. फरक बघा, निरोगी जनावराला जास्त. म्हणजे आजार दिसायच्या आत कळवलं तर फायदा, उशीर केला तर तोटा. हा साधा रुपये-पैशांचा मुद्दा रोग थांबवायच्या कामात औषधाइतकाच उपयोगी पडला.

आपल्या तालुक्यात: 2006

हे सगळं इंग्लंडचं झालं. पण खांडबाऱ्याच्या वाचकाला याचा अनुभव घरचा आहे. खांडबारा ज्या नवापूर तालुक्यात येतं, तिथेच भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ सापडली. कोंबड्या मरत होत्या आणि सुरुवातीला ते राणीखेत असावं असा समज होता. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि 18 फेब्रुवारी 2006 ला एच5एन1 असल्याचं जाहीर झालं. नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. रोगालाही ती रेघ दिसली नाही. शेजारच्या उच्छलमध्येही पक्षी मारावे लागले.

मारायच्या पक्ष्यांत फक्त पोल्ट्री फार्मवाल्यांचे लाखो पक्षी नव्हते. ठरलेल्या अंतरात येणाऱ्या पाड्यांवरच्या परसातल्या कोंबड्याही होत्या. भरपाई नगावर होती. अंड्यावरच्या कोंबडीला 40 रुपये, ब्रॉयलरला 30 रुपये.

फार्मवाल्याला हा दर कमी वाटला असेल, पण निदान त्याच्या भाषेतला होता. त्याचे सगळे पक्षी एका वयाचे, एका वजनाचे, आणि वहीत लिहिलेले. पाड्यावरच्या बाईची कोंबडी अशी कुठे असते? एक तलंग नुकती अंड्यावर आलेली, एक खुडूक बसलेली, आणि एक कोंबडा सणासाठी राखलेला. बाजारात ती कोंबडी तराजूत तोलत नाहीत. गिऱ्हाईक हातात घेऊन छातीचं हाड चाचपतं आणि मग घासाघीस होते. रवणावर बसलेल्या कोंबडीची किंमत तिच्याखालच्या अंड्यांसकट असते. सरकारी तक्त्यात त्या अंड्यांमधल्या पिल्लांसाठी रकाना नव्हता.

शिवाय अनेक ठिकाणी कोंबडी किंवा शेळी दुसऱ्याकडे अर्धलीनं पाळायला दिलेली असते. मालक एक, सांभाळणारा दुसरा, पिल्लं निम्मी-निम्मी. मग भरपाई कुणाची? ज्याच्या अंगणात पक्षी सापडला त्याची, की ज्याचा तो आहे त्याची?

2008 मध्ये पश्चिम बंगालमध्ये बीरभूमपासून मोठी साथ पसरली, तिथे बहुतेक पक्षी परसातलेच होते आणि सुमारे 40 लाख पक्षी मारावे लागले. दरम्यान 2006 मध्येच जागतिक बँकेच्या एका अहवालानं भरपाईबद्दल एक सूत्र मांडलं होतं. साथीआधीच्या बाजारभावाच्या 50 टक्क्यांहून कमी देऊ नका आणि 100 टक्क्यांहून जास्तही देऊ नका. कमी दिलं तर लोक लपवतात. जास्त दिलं तर बाहेरून जनावरं आणून भरपाई घ्यायचा मोह होतो. आणि दर जितका महत्त्वाचा, तितकीच पैसे हातात पडण्याची वेळही.

आता डुकराकडे

मे 2020 मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात आल्याचं स्पष्ट झालं, सुरुवात आसाम आणि अरुणाचल प्रदेशात. हा रोग माणसाला होत नाही. स्वाइन फ्लू वेगळा, हा वेगळा. पण डुकरांत तो इतका जीवघेणा आहे की गोठ्यात शिरला तर फारसं काही उरत नाही आणि त्यावर इलाज नाही. म्हणून रोग सापडला की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायची, असा नियम आहे.

भरपाईचा तक्ता वजनावर आहे. 15 किलोपर्यंत 2,200 रुपये. 15 ते 40 किलो 5,800. 40 ते 70 किलो 8,400. 70 ते 100 किलो 12,000. निम्मा भार केंद्राचा, निम्मा राज्याचा.

2006 च्या सरसकट नगाच्या दरापेक्षा हे नक्की बरं. पण माझ्या मित्राच्या चार डुकरांवर हा तक्ता लावून बघा. 80 किलोच्या डुकराला 12,000, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या 14,000 च्या सुमारे 86 टक्के. ठीक आहे. आता 69 किलोचं डुक्कर घ्या. त्याचं मांस 48 किलोच्या आसपास, विकलं तर जवळपास 12,000. भरपाई मात्र 8,400. दोन किलो वजन जास्त असतं तर 3,600 रुपये जास्त मिळाले असते. आणि गाभण मादी? तिची खरी किंमत पोटातल्या आठ-दहा पिल्लांत असते. काटा फक्त तिचं वजन सांगतो.

आता कल्पना करा. संध्याकाळ झालीय, 69 किलोचं डुक्कर खायचं थांबलंय आणि कान लालसर-जांभळे दिसतायत. मालकापुढे दोन रस्ते आहेत. आजच कापून, ओळखीच्यांना वाटे घालून 12,000 रोख हातात. किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, उरलेली तीनही मारायची, शेजाऱ्याचीही मारायची, त्याच्या शिव्या खायच्या, आणि 8,400 ची वाट बघायची.

इथे वाटा आणि सरकारी दर समोरासमोर येतात. मित्रांना दिलेला भाव आणि रोग कळवण्याचा निर्णय, या दोन गोष्टी आपण वेगळ्या धरतो. पण त्या संध्याकाळी त्या एकाच माणसाच्या डोक्यात, एकाच हिशोबात असतात. बेट्सला 1714 मध्ये हेच कळलं होतं.

पहिला रस्ता धरला तर पुढे काय होतं? दहा वाटे दहा घरांत जातात. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, पण कच्चे तुकडे, हाडं आणि मांस धुतलेलं पाणी खरकट्यात जातं, आणि खरकटं परत कुणाच्या तरी डुकराला. तेच फुकटचं खाद्य. 2007 मध्ये हा रोग जॉर्जियाच्या पोती बंदरात शिरला, तोही जहाजांवरच्या उरल्यासुरल्या अन्नातून असं मानलं जातं. तिथून तो पुढे सरकत 2018 मध्ये चीनपर्यंत पोचला. घरच्या मटणाचा भाव ज्यामुळे परवडतो, तीच वाट रोगाला सोपी पडते.

मित्राला काय सांगितलं

त्याला मी चार गोष्टी सांगितल्या. एक, वही घाल. पिल्लाची तारीख, किंमत, खाद्य, आणि महिन्यातून एकदा वजन. भाव ठरवायला हे लागतंच, आणि उद्या वेळ आलीच तर तुझं जनावर किती किलोचं होतं हे सांगायलाही. दोन, भाव लावताना स्वतःची मजुरी धर आणि तो भाव गिऱ्हाइकांना कापायच्या आधी सांग, वाट्यासारखा सगळ्यांसमोर. ओळखीच्यांना सूट द्यायचीच असेल तर एखादा तुकडा जास्त टाक, भाव तोच ठेव. तीन, बाहेरचं खरकटं उकळल्याशिवाय घालू नकोस. त्याला लाकूड आणि वेळ लागेल, तो खर्चही भावात धर. चार, न खाणारं, तापलेलं डुक्कर कधीच वाट्यावर घालायचं नाही.

चौथ्या गोष्टीवर तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आणि मग माझे बाकीचे पैसे कोण देणार?"

माझ्याकडे याचं चांगलं उत्तर नाही. त्याच्या हिशोबात 3,600 चा खड्डा पडतो आणि तो सल्ल्यानं भरत नाही. गटवारीऐवजी सरळ किलोला दर, गाभण मादीला वेगळा रकाना, अर्धलीच्या जनावरात दोघांची नोंद आणि ठरलेल्या दिवसांत पैसे, एवढं झालं तर तो भरू शकतो. हे प्रबंधात मी लिहितोच आहे. पण ते वाचलं जाईपर्यंत त्याचं 69 किलोचं डुक्कर 80 चं झालेलं असेल.

तेवढ्यात गाडी आली. चढताना तो म्हणाला, पहिला वाटा तुझा, पण पैसे पूर्ण घेईन. मी म्हटलं, घे.