औरंगाबाद लोकसभा: अठरा निवडणुका आणि आपण

४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागले आणि आपल्या मोहल्ल्यांत दोन वाक्ये फिरू लागली. पहिले, "दलितांनी साथ सोडली म्हणून हरलो." दुसरे, "आता इथून मुस्लिम माणूस पुन्हा निवडून येणार नाही." पहिल्यात राग आहे, दुसऱ्यात निराशा. मला दोन्हींची काळजी वाटते, कारण मोठ्यांच्या तोंडची वाक्ये चार दिवसांत मुलांच्या तोंडी येतात. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. अठरा वर्षे पूर्ण झालेली माजी विद्यार्थी मुले "सर, आपल्या मताने काय होतं?" असे विचारतात, तेव्हा त्यांना भाषण देऊन भागत नाही. अख्खा धडा वाचावा लागतो. आज तो धडा इथे वाचू या.

एक गोष्ट आधी सांगतो. शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, पण लोकसभा मतदारसंघाचे नाव २०२४ मध्येही औरंगाबाद हेच होते. या लेखात औरंगाबाद म्हणतो तेव्हा या मतदारसंघाबद्दल बोलतो, एवढाच अर्थ घ्यावा.

१९५२ ते २०२४ या काळात इथे अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि तेरा जण खासदार झाले. पहिली निवडणूक झाली तेव्हा आपण महाराष्ट्रात नव्हतोच, हैदराबाद राज्यात होतो. काँग्रेसचे सुरेशचंद्र निवडून आले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७ ला इथून स्वामी रामानंद तीर्थ लोकसभेत गेले. निजामाविरुद्धच्या लढ्याचे ते नेते. १९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून निवडून आले होते.

त्या काळाचा विचार करा. पोलीस ॲक्शनला दहा वर्षेही झाली नव्हती. रझाकारांनी केलेले अत्याचार हिंदू खेड्यांच्या आठवणीत ताजे होते. नंतर मुसलमानांवर जे गुदरले, ज्याची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली, ते आपल्या घरांत ताजे होते. रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये मारला गेलेला 'इमरोज'चा संपादक शोएबुल्लाह खान हाही मुसलमानच होता, हे दोन्ही बाजूंना सोयीने विसरता येते. अशा जखमी प्रदेशात स्वामीजींसारखा माणूस खासदार झाला आणि निवडणुका शांतपणे रुळल्या, ही साधी गोष्ट नव्हती.

१९६२ आणि १९६७ ला भाऊराव देशमुख, १९७१ ला माणिकराव पालोदकर. दोघेही काँग्रेसचे. मग आणीबाणी आली. १९७७ मध्ये पहिल्यांदा इथल्या मतदाराने काँग्रेसला घरी बसवले आणि जनता पक्षाचे डॉ. बापू काळदाते निवडून आले. बापू समाजवादी, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातले, सभा गाजवणारे वक्ते. सत्तेला शिक्षा करणारे मतदान कसे असते, हे औरंगाबादने तेव्हा दाखवले.

यानंतरचे नाव प्रत्येक उर्दू शाळेच्या भिंतीवर असायला हवे, पण मला ते कुठे दिसत नाही. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसतर्फे काझी सलीम निवडून आले. आधुनिक उर्दू नज्मच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतात. 'नजात से पहले' हा त्यांचा संग्रह. ज्या मतदारसंघाने स्वामी रामानंद तीर्थांना निवडले, त्यानेच तेवीस वर्षांनी एका उर्दू शायराला दिल्लीला पाठवले. काझी साहेब काही फक्त मुसलमानांच्या मतांवर निवडून आले नव्हते. तेवढ्या मतांवर हा मतदारसंघ तेव्हाही जिंकता येत नव्हता आणि आजही येत नाही. खेड्यापाड्यातल्या शेतकऱ्याने, दलित वस्तीने, शहरातल्या व्यापाऱ्याने हाताच्या चिन्हावर शिक्का मारला, तेव्हा ते निवडून आले.

महाराष्ट्रात हे नवल नव्हते. अकोल्यातून १९६७ आणि १९७१ ला असगर हुसेन, वाशीममधून १९८० आणि १९८४ ला गुलाम नबी आझाद, रत्नागिरीतून १९८४ ला हुसेन दलवाई, कुलाब्यातून अनेकदा अंतुले. यांतल्या एकाही मतदारसंघात मुसलमान बहुसंख्य नव्हते. मोठ्या पक्षाने उमेदवारी दिली की पक्षाचा मतदार त्या उमेदवाराला मत देत असे. तेव्हाची रीत ती होती.

१९८४ ची गंमत वेगळी. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा जिंकल्या. औरंगाबाद मात्र त्या लाटेत वाहून गेले नाही. शरद पवारांच्या समाजवादी काँग्रेसचे साहेबराव डोणगावकर इथून आले. १९७७, १९८०, १९८४ अशा सलग तीन निवडणुकांत इथल्या मतदाराने तीन वेगळे पक्ष निवडले. त्याला गृहीत धरता येत नव्हते.

मग १९८८ उजाडले. महानगरपालिकेची पहिली निवडणूक झाली आणि शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली. ८ मे १९८८ च्या विजयी सभेत बाळासाहेब ठाकरे यांनी शहराचे नाव संभाजीनगर असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात शहरात दंगल झाली. पुढच्या वर्षी, १९८९ मध्ये, मोरेश्वर सावे मशाल चिन्हावर लोकसभेत गेले. १९९१ ला पुन्हा सावे, १९९६ ला प्रदीप जैस्वाल. पाणी, रस्ते, रोजगार हे विषय मागे पडले आणि प्रत्येक निवडणुकीत शहराचे नाव हाच विषय झाला. नावाचा प्रश्न पाण्यापेक्षा स्वस्त पडतो, कारण त्याला जलवाहिनी टाकावी लागत नाही.

याच वर्षांत आणखी एक लढा चालू होता, आणि आपल्या लिखाणात तो फार कमी येतो. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळली, माणसे मेली. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. शिवसेनेचा त्याला विरोध होता. म्हणजे एकाच शहरात एका नावावरून मुसलमान बाजूला काढले जात होते आणि दुसऱ्या नावावरून दलित. दोघांचे दुखणे एकाच काळातले, पण दोघे एकमेकांच्या मोर्चात फारसे दिसले नाहीत. २०२४ चा राग काढण्याआधी हे आठवावे.

१९९८ मध्ये मात्र दोघे एका बाजूला आले. काँग्रेसने रिपब्लिकन पक्षाशी समझोता केला. महाराष्ट्रात काँग्रेसचे ३३ खासदार निवडून आले, आणि रिपब्लिकन पक्षाचे चारही उमेदवार खुल्या जागांवरून जिंकले. औरंगाबादेत काँग्रेसचे रामकृष्णबाबा पाटील यांनी सेनेचा गड घेतला. पण ही मोट वर्षभरच टिकली. १९९९ ला काँग्रेस फुटली, राष्ट्रवादी वेगळी झाली. काँग्रेसने माजी मुख्यमंत्री अंतुले यांना कोकणातून आणून इथे उभे केले आणि शिवसेनेचे चंद्रकांत खैरे यांनी त्यांना हरवले.

त्यानंतर वीस वर्षे खैरे. १९९९, २००४, २००९, २०१४. यातली २००९ ची निवडणूक नीट पाहण्यासारखी आहे. त्याआधी २००८ मध्ये मतदारसंघाची पुनर्रचना झाली होती. कन्नड, औरंगाबाद मध्य, पश्चिम, पूर्व, गंगापूर आणि वैजापूर असे सहा विधानसभा भाग आता त्यात आहेत. तीन शहरी, तीन ग्रामीण. पैठण, फुलंब्री, सिल्लोड जालन्याला जोडले गेले. २००९ मध्ये वेरूळचे शांतिगिरी महाराज अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी सुमारे दीड लाख मते घेतली. ही मते बरीचशी खैरेंच्या वाट्याची असणार असे सगळे मानत होते. तरीही खैरे काँग्रेसच्या उत्तमसिंह पवारांपुढे सुमारे ३३ हजारांनी जिंकले. ही निवडणूक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२०१४ ला मोदी लाटेत खैरेंचे मताधिक्य १ लाख ६२ हजारांवर गेले. पण त्याच वर्षी विधानसभेला सेना आणि भाजप वेगळे लढले आणि औरंगाबाद मध्यमधून एमआयएमचे इम्तियाज जलील, पूर्वीचे पत्रकार, आमदार झाले. २०१५ च्या महापालिका निवडणुकीत एमआयएमचे २५ नगरसेवक आले.

आता २०१९. प्रकाश आंबेडकरांची वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम एकत्र आले. निकाल असा होता: जलील ३,८९,०४२, खैरे ३,८४,५५०, अपक्ष हर्षवर्धन जाधव २,८३,७९८, काँग्रेसचे सुभाष झांबड ९१,७८९. फरक ४,४९२ मतांचा. काझी सलीम यांच्यानंतर ३९ वर्षांनी औरंगाबादने मुस्लिम खासदार निवडला. राज्यातूनही २००४ च्या अंतुलेंनंतर लोकसभेवर निवडून आलेला तो पहिलाच.

तेव्हापासून सगळे म्हणतात की जाधवांच्या ट्रॅक्टरने खैरेंची मते खाल्ली म्हणून पतंग उडाला. हे खरे आहे, पण अर्धे. २००९ मध्येही मते फुटली होती, तरी खैरे जिंकले. मग २०१९ ला वेगळे काय होते? दुसऱ्या बाजूची मते एका ठिकाणी आली होती. दहा वर्षांपूर्वी २ लाख २२ हजार मते घेणारी काँग्रेस ९१ हजारांवर आली. मुसलमान मतदाराने आणि दलित मतदाराच्या मोठ्या भागाने मिळून एक निर्णय घेतला. समोरची फूट आणि आपली मोट अशा दोन्ही गोष्टी लागल्या, आणि तरीही फरक साडेचार हजारच राहिला.

२०२४ ने हे उलट बाजूने सिद्ध केले. या वेळी शिवसेनाच दोन झाली होती. संदिपान भुमरे धनुष्यबाणावर, खैरे मशालीवर. तीच मशाल जिच्यावर १९८९ ला सावे जिंकले होते. याहून मोठी फूट कोणती? तरी भुमरेंना ४,७६,१३०, जलील यांना ३,४१,४८० आणि खैरेंना २,९३,४५० मते मिळाली. भुमरे १,३४,६५० मतांनी विजयी. ते आमदार होते पैठणचे, आणि पैठण या मतदारसंघात येतच नाही. मराठा आरक्षणाचे आंदोलन शेजारच्या जालना जिल्ह्यात पेटलेले होते, आणि २०१९ ला जाधवांकडे गेलेली मते या वेळी त्यांच्याकडे राहिली नाहीत.

आता पहिल्या वाक्याचा हिशेब करू. वंचित आणि एमआयएमची युती २०१९ च्या विधानसभेआधीच तुटली होती. २०२४ ला वंचितने इथे स्वतःचा उमेदवार दिला, तोही मुस्लिमच, अफसर खान. त्यांना साठ हजारांहून अधिक मते मिळाली. ती सगळीच्या सगळी जलील यांच्या मतांत मिळवा. तरी भुमरेंपर्यंत पोहोचत नाही. १ लाख ३४ हजारांची दरी तेवढ्याने भरत नाही. म्हणून "दलितांमुळे हरलो" हे वाक्य गणितातच नापास होते. शिवाय युती तुटते तेव्हा तोडणारे हात नेत्यांचे असतात. भीमनगरच्या मतदाराला त्याबद्दल बोल लावणे अन्याय आहे.

दुसरे वाक्य, "मुस्लिम माणूस आता येणारच नाही." नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत औरंगाबाद पूर्वमध्ये भाजपचे अतुल सावे, म्हणजे मोरेश्वर सावे यांचे चिरंजीव, जलील यांच्यापुढे जिंकले ते २,१६१ मतांनी. एखाद्या मोठ्या वस्तीतल्या दोन-तीन मतदान केंद्रांवरची ती मते. "येणारच नाही" असे म्हणण्यासारखा हा आकडा नाही.

मात्र लोकसभेची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपण स्वतःला स्पष्ट सांगितली पाहिजे. सहापैकी तीन भाग ग्रामीण आहेत. कन्नड, गंगापूर, वैजापूरच्या शेतकऱ्याला कापसाच्या भावाबद्दल, पिकाच्या विम्याबद्दल, टँकरबद्दल बोलणारा माणूस हवा असतो, आणि तो त्याच्याशी मराठीत बोलणारा हवा असतो. शहरातल्या मैदानात उर्दू तकरीरीने टाळ्या मिळतात, गंगापूरच्या बाजारात मते मिळत नाहीत. मी उर्दूवर जीव टाकणारा माणूस आहे, म्हणूनच सांगतो: उर्दू आपली आहेच, मराठीही आपलीच आहे. ती परकी मानून आपण निम्म्या मतदारसंघाचे दार स्वतःच लावून घेतो.

आणि हिशेब फक्त आपल्याकडेच मागायचा नाही. २०२४ ला महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ जागांपैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. मते मात्र भरभरून मागितली, आणि मिळवली. राज्यातून एकही मुस्लिम खासदार निवडून गेला नाही. ज्या राज्याने अकोला, वाशीम, रत्नागिरीतून मुस्लिम खासदार पाठवले, तिथला मतदार बदलला असे पक्ष सांगतात. मतदाराला अशी संधी देऊन पाहण्याचे धाडसच पक्षांनी सोडले, असे मला वाटते. उमेदवारीच द्यायची नाही आणि "निवडून येत नाही" म्हणायचे, हा परीक्षेला बसू न देता नापास ठरवण्याचा प्रकार आहे.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी तीन गोष्टी सांगतो. मतदार यादीत आपले नाव आहे का, ते निवडणूक जाहीर होण्याआधी पाहा. ४,४९२ आणि २,१६१ हे आकडे पाठ करा. शेजारच्या वस्तीतल्या माणसाशी मैत्री निवडणुकीच्या महिन्यात करायची नसते, नामविस्तार दिनाला १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जाऊन या. आणि काझी सलीम कोण होते, ते आपल्या मराठी मित्राला मराठीत सांगा. त्याच्याकडून बापू काळदाते कोण होते, ते ऐकून घ्या. दोघेही याच मतदारसंघाने निवडलेले होते.