आधीं बांधा, मग पाडा

मुंबई शहराच्या जुन्या भागांत जे थोडे सरळ आणि रुंद रस्ते आढळतात, त्यांपैकीं बरेचसे आपणांस एका रोगाच्या सांथीमुळें मिळाले आहेत, असें सांगितलें तर पुष्कळ श्रोत्यांस नवल वाटेल. प्रिन्सेस स्ट्रीट, सँढर्स्ट रोड, महंमदअली रोड हे रस्ते आणि दादर-माटुंग्याकडील आखीव वसाहती यांचा उगम १८९६ सालच्या ग्रंथिक सन्निपातांत, म्हणजे ज्याला आपण प्लेग म्हणतों त्यांत आहे. त्या सांथीनंतर शहर सुधारण्याचा जो मोठा उद्योग झाला, त्याचें वृत्त आज सांगावयाचें योजिलें आहे. गोष्ट जुनी खरी. परंतु जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचें काम मुंबईंत आज गल्लोगल्लीं चाललें असल्यामुळें ती अद्याप इतिहासजमा झालेली नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगश यांनीं या रोगाचें निदान केलें. हे मूळचे गोमंतकीय, व्यवसायानें डॉक्टर आणि कॉर्पोरेशनचे सभासद. लवकरच लोक आगगाड्यांनीं, गलबतांनीं, मिळेल त्या वाहनानें शहर सोडूं लागले. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८ लक्ष २१ हजार होती. १९०१ मध्यें ती ७ लक्ष ७६ हजारांवर आली. बंदर वाढतें, गिरण्या वाढत्या, आणि दहा वर्षांत वस्ती मात्र घटलेली! मजुरांवांचून गिरण्या आणि गोद्या अडूं लागल्या, तेव्हां गरिबांच्या घरांकडे सरकारचें आणि व्यापाऱ्यांचें लक्ष गेलें.

त्या काळीं बहुतेक जाणत्यांची समजूत अशी कीं, घाण, ओल आणि कोंडलेली हवा यांपासून हा रोग उद्भवतो. उंदराचा रोग पिसवेच्या द्वारें माणसास होतो, असें सीमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस दाखविलें. पण तें सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षें गेलीं. तोंपर्यंत उपाय ठरून गेला होता. ज्या वस्तींत हवा शिरत नाहीं ती फोडावी आणि समुद्रावरचा वारा आंत घ्यावा, हाच तो उपाय. समजूत अपुरी होती, पण दुःख खोटें नव्हतें. दोन चाळींच्या मध्यें हातभर घरगल्ली, तींत सांडपाणी, आणि तिच्याकडे तोंड केलेली एकच खिडकी, अशा खोल्यांत हजारों कुटुंबें राहत होतीं.

आतां रस्ता रुंद करण्याचा अधिकार कॉर्पोरेशनला पूर्वीं नव्हता काय? होता. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यांत त्याची एक शांत रीत सांगितली आहे. कमिशनरनें रस्त्याची एक नियमित रेषा ठरवावयाची. त्या रेषेच्या पुढें आलेलें घर मालक जेव्हां पाडून नव्यानें बांधील, तेव्हां त्यास रेषेच्या मागें सरावयास लावावयाचें आणि सोडलेल्या जागेची भरपाई द्यावयाची. या रीतीनें लोक एकाएकीं बेघर होत नाहींत. परंतु तिला पिढ्या लागतात. एक घर मागें सरलेलें, शेजारचीं दोन पुढेंच उभीं, अशी रस्त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी वर्षानुवर्षें राहते.

प्लेगच्या धास्तींत ही संथ रीत सरकारला पुरेशी वाटेना. गव्हर्नर लॉर्ड सँढर्स्ट यांच्या कारकीर्दींत १८९८ चा कायदा झाला आणि 'सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' नांवाचें स्वतंत्र मंडळ स्थापन झालें. सरकारच्या व कॉर्पोरेशनच्या कित्येक मोकळ्या जमिनी त्याच्या हवालीं केल्या गेल्या. कर्ज काढण्याचा आणि खासगी जमीन सक्तीनें घेण्याचा अधिकारहि त्यास मिळाला. कॉर्पोरेशननें आपल्या उत्पन्नांतून दरसाल वर्गणी द्यावी, असें ठरलें. मंडळांत कॉर्पोरेशननें निवडलेले सभासद होते, पण बहुमत त्यांचें नव्हतें. म्हणजे पैसा करदात्यांचाहि, परंतु घर कोणाचें पाडावें आणि रस्ता कोठून न्यावा याचा निर्णय त्यांच्या प्रतिनिधींच्या हातीं नाहीं. ट्रस्टच्या कारभारांतील वैगुण्याचें बीज मला येथें दिसतें.

ट्रस्टनें काम नेटानें केलें, हें कबूल केलें पाहिजे. पहिली योजना नागपाड्याची. त्यानंतर पश्चिमेचा वारा आंतल्या दाट वस्तींत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला. त्यालाच आज शामळदास गांधी मार्ग म्हणतात. चौपाटीकडून डोंगरीकडे जाणारा सँढर्स्ट रोड झाला. त्याचा मोठा भाग आज सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नांवानें ओळखला जातो. या रस्त्यांच्या दुतर्फा जे भूखंड राहिले, ते ट्रस्टनें नियम घालून भाडेपट्ट्यानें दिले, आणि त्या उत्पन्नांतून कर्ज फेडण्याची योजना केली. आजहि या रस्त्यांवरून चालतांना इमारतींची एकसारखी उंची आणि ओळ नजरेंत भरते.

परंतु या सुधारणेचा जमाखर्च मांडूं लागलें म्हणजे दोन ठिकाणीं अडावें लागतें. पहिली अडचण भरपाईची. जमीन घेतांना मालकास बाजारभाव द्यावयाचा, आणि १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यांत सक्तीबद्दल शेंकडा १५ अधिक देण्याचें कलम होतें. घराची किंमत बहुधा त्याच्या भाड्यावरून धरीत. ज्या घरांत माणसें अधिक कोंबलेलीं, त्याचें भाडें अधिक. अर्थात् भरपाईहि अधिक. ज्यानें अंगण बुजवून खोल्या काढल्या, मजल्यावर मजला चढविला, त्यास बक्षीस. ज्यानें मोकळी जागा राखली, त्यास कमी. दोष नाहींसा करावयास निघालेली संस्था त्या दोषाचेंच मोल चुकवीत होती.

दुसरी अडचण याहून मोठी. मालकास भरपाई मिळाली. भाडेकरूस काय मिळालें? ट्रस्टनें गरिबांकरितां चाळी बांधल्या खऱ्या, परंतु पाडलेल्या खोल्यांच्या मानानें त्या अपुऱ्या पडल्या, आणि पुष्कळदां उशिरा तयार झाल्या. हमाल, गोदीवरचा मजूर, फेरीवाला यांस कामाच्या जागेपासून दूर राहणें परवडत नाहीं. घर पाडलें म्हणजे तो शेजारच्या गल्लींत, दुसऱ्याच्या खोलींत, आणखी एक पडदा लावून राही. एका गल्लींतील गर्दी मोडली ती दुसरींत जाऊन बसली. नकाशावर वस्ती सुधारली. माणसाची स्थिति होती तीच राहिली, किंबहुना थोडी बिघडली. १९११ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ९ लक्ष ७९ हजारांवर गेली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही ओढाताण किती तीव्र असेल याची कल्पना येते.

ही चूक ट्रस्टमध्येंच कांहींच्या ध्यानांत आली. जे. पी. ऑर हे गृहस्थ अध्यक्ष असतां त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, सगळी वस्ती एकदम पाडण्यापेक्षां घरांस उजेड व वारा मिळेल असे नियम करावे आणि शहराच्या उत्तरेस नव्या जागा आधीं खुल्या कराव्या. उजेडाचा त्यांचा नियम शाळेंतल्या मुलासहि समजेल असा आहे. आपल्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर तिचा जमिनीशीं होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. सोप्या भाषेंत, मध्यें १० फूट मोकळी जागा असेल तर समोरची भिंत २० फुटांहून उंच नसावी. तळमजल्यावरील माणसास आकाश दिसण्याचा हक्क आहे, हाच या भूमितीचा अर्थ.

उत्तरेकडील दादर-माटुंग्याच्या वसाहती याच दूरदृष्टीचें फळ होत. पारशी कॉलनी आणि हिंदु कॉलनी येथील झाडें, बागा आणि घरांमधील अंतर पाहून आजहि डोळे निवतात. मात्र तेथें जे राहावयास गेले ते बहुतांशीं कारकून, शिक्षक, वकील असे मध्यमवर्गीय. मांडवीच्या हमालास तें भाडें आणि तें अंतर दोन्हीं परवडणारीं नव्हतीं.

त्याच सुमारास, १९१९ सालीं, मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे अध्यापक म्हणून पॅट्रिक गेडिस आले. हिंदुस्थानांतील अनेक शहरें पायीं हिंडून त्यांनीं असें सांगितलें होतें कीं, जुनी वस्ती ही रोग्याच्या देहासारखी आहे. शक्य तितका कमी छेद घेऊन ती बरी करावी. एखादें पडकें घर काढून तेथें चौक करावा, विहीर स्वच्छ करावी, झाड राखावें. त्यांचा उपदेश स्वस्त होता आणि शहाणपणाचाहि होता. मोठ्या रस्त्याच्या मोहापुढें तो फारसा टिकला नाहीं.

पुढें १९२० सालीं सरकारनें डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलें आणि कापसाच्या दर गांठीवर १ रुपया कर बसवून ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड आणि शिवडी येथें २०७ चाळी झाल्या. चाळींत ८० याप्रमाणें सुमारें साडेसोळा हजार खोल्या. येथें आधीं बांधलें खरें, पण ज्याच्याकरितां बांधलें त्यास विचारलें नाहीं. भाडें जड, जागा आडबाजूस, भिंती काँक्रीटच्या. त्यामुळें आरंभीं कित्येक खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. इकडे ट्रस्टचा कारभार १९२५ च्या कायद्यानें कॉर्पोरेशनच्या बाजूस वळला आणि १९३३ सालीं तो कॉर्पोरेशनमध्यें पूर्णपणें विलीन झाला. निवडून आलेल्यांच्या हातीं रस्त्यांचा अधिकार परत आला.

स्वातंत्र्यानंतर साधनें पालटलीं. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें जुनीं भाडीं गोठलीं. भाडेकरूस आधार मिळाला. मात्र घराची डागडुजी करण्यांत मालकास स्वारस्य उरलें नाहीं. १९६४ च्या विकास आराखड्यानें चटईक्षेत्र निर्देशांक आणला. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करावें, याचें हें माप. १९९१ च्या नियमांत मूळ शहरास तें १.३३ होतें. पण जुनी उपकरप्राप्त इमारत पाडून भाडेकरूंस नवीं घरें मोफत देणाऱ्यास या मापाहून अधिक बांधण्याची सवलत ठेवली. वाढीव मजले विकून खर्च भागवावा, ही त्यामागील योजना. सरकारच्या तिजोरीवर भार नाहीं, म्हणून ती सर्वांस गोड वाटली.

परंतु १८९८ चे दोन्हीं प्रश्न येथेंहि उभे आहेत. इमारत पाडल्यावर संक्रमण शिबिरांत गेलेलीं कित्येक कुटुंबें वर्षानुवर्षें तेथेंच राहिलीं. लहान मुलें तेथेंच मोठीं झालीं. आणि अधिक मजल्यांच्या लोभानें इमारती जवळजवळ आल्या. गोवंडी-मानखुर्दकडील कांहीं पुनर्वसन वसाहतींत खालच्या मजल्यांवर दिवसाहि दिवा लावावा लागतो, आणि तेथील क्षयाच्या प्रमाणाविषयीं डॉक्टरांनीं चिंता व्यक्त केली आहे. ऑर यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा कोन तेथें कोणी मांडून पाहिला असता, तर हें टळलें असतें. उलट वरळीच्या त्याच जुन्या चाळींच्या पुनर्विकासांत २०२५ सालीं पहिल्या कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ही समाधानाची गोष्ट होय.

सव्वाशें वर्षांच्या या वृत्तांतून निघणारा नियम साधा आहे. रस्ता हवा, उजेड हवा, नवी इमारतहि हवी. पण पाडण्याच्या आज्ञेवर सही करण्यापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर असावीं. येथें राहणारा माणूस उद्यां रात्रीं कोठें निजेल? तेथून त्याचें काम किती दूर असेल? आणि त्याच्या नव्या खिडकींतून आकाश दिसेल काय? आपल्या वॉर्डाचा आराखडा जेव्हां हरकतींसाठीं खुला होतो, तेव्हां सुशिक्षित कुटुंबांनीं तो वाचावा आणि हे प्रश्न लेखी विचारावे. ट्रस्टच्या काळीं मांडवीच्या भाडेकरूस तो अधिकार नव्हता. आपणांस तो कायद्यानें दिला आहे. तो न वापरण्याचा दोष मात्र सर्वस्वीं आपला राहील.