जुनें शहर आणि नवें उपाहारगृह

जुन्या शहरांत नवी इमारत उभारावयाची झाल्यास ती जुन्यासारखी दिसावी, कीं आपल्या काळाची म्हणून उघड ओळखूं यावी, हा वाद यूरोपांत दीर्घकाळ चालू आहे. नुसत्या तत्त्वचर्चेपेक्षां एखाद्या उदाहरणावरून त्याचा विचार करणें अधिक फलदायी होईल. इंग्लंडांतील बाथ शहरीं असें एक उदाहरण आहे.

एव्हन नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव रोमन काळापासून उष्णोदकाच्या झऱ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु त्याचें आजचें रूप मुख्यतः अठराव्या शतकांतलें. मधाच्या रंगाच्या एकाच जातीच्या दगडानें बांधलेल्या घरांच्या ओळी पाहून, सबंध शहर एकाच हातानें रचलें असावें असा भास होतो. १९८७ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. दुतर्फा दुकानें असलेला पल्टनी पूल ओलांडून रुंद ग्रेट पल्टनी रस्त्यानें सरळ गेलें, कीं टोंकाशीं एक देखणी इमारत दिसते. तेंच हॉलबर्न वस्तुसंग्रहालय.

ही इमारत मुळांत संग्रहालय नव्हती. १७९५ सालीं सिडनी उद्यान लोकांस खुलें झालें, आणि त्याच्या तोंडाशीं चार्ल्स हारकोर्ट मास्टर्स या शिल्पज्ञाच्या योजनेप्रमाणें 'सिडनी हॉटेल' उभें राहिलें. रस्त्यावरून येणाऱ्यानें या घरांतून पार होऊन बागेंत उतरावें, वाद्यवादन ऐकावें, मित्रमंडळींसह खावें-प्यावें, असा रिवाज होता. जेन ऑस्टिन हिचें बिऱ्हाड १८०१ पासून कांहीं वर्षें समोरच्याच सिडनी प्लेसमध्यें होतें. पुढें रेजिनाल्ड ब्लोमफील्ड यानें या घरांत फेरफार केले व १९१६ सालीं तेथें संग्रहालय आलें. परंतु त्याच्या जिन्यामुळें बागेची वाट बुजली. दर्शनी रूप राहिलें; घराचा मूळ हेतु मात्र हरपला.

एकविसाव्या शतकांत विस्ताराचा प्रश्न निघाला, तेव्हां एरिक पॅरी यानें मागील बाजूस जो भाग योजिला, त्याचें बाह्यांग बाथच्या दगडाचें नाहीं. खालीं कांच, वर निळसर-हिरव्या झिलईच्या भाजक्या मातीच्या पट्ट्या. यास मोठा विरोध झाला, आणि विरोधकांची भीति अगदींच अनाठायीं नव्हती. ज्या शहराचें सौंदर्य एकरूपतेंत आहे, तेथें एक अपवाद पुढील दहा अपवादांस वाट करून देतो. शिवाय याच शहरांत १८९७ सालीं ब्रायडन यानें पंप रूमला जोडलेलें संगीतगृह जुन्या धाटणीचेंच असून तें तेथें शोभतें. तेव्हां अनुकरण हा कांहीं दोष नव्हे.

परंतु २०११ सालीं खुल्या झालेल्या या भागाचा तळमजला पाहावा. जिना बाजूस सरकवून रस्त्यापासून बागेपर्यंतची वाट पुन्हां मोकळी केली आहे, आणि तिच्या शेवटीं कांचेच्या भिंतींआड उपाहारगृह आहे. झाडांच्या सान्निध्यांत लोक पुन्हां चहा घेत बसतात. पुढील दर्शनी भागास धक्काही लागलेला नाहीं. दगडाची जोड देऊन वाट बंदच ठेविली असती, तर डोळ्यांस समाधान झालें असतें. पण सिडनी हॉटेल परत आलें नसतें.

जुन्या घरास जोड देणाऱ्यानें दगडाचा रंग अवश्य पाहावा. परंतु त्याआधीं तें घर कोणाकरितां व कशाकरितां बांधलें होतें, हें विचारावें.