फुरसुंगीचा फेणे आणि घाटनांदूरचे वाचक

पंधरा वर्षांच्या वाचकाला मराठीत बसायला नीट जागा नाही. पुस्तकांच्या दुकानात एका भिंतीला 'बालसाहित्य' असतं, दुसऱ्या भिंतीला 'कादंबरी'. मधे 'किशोर' किंवा 'कुमार' अशी पाटी असली तर असली. तरीही या वयाची पोरं शंभर वर्षांहून जास्त काळ मराठी कादंबऱ्या वाचताहेत, आणि निव्वळ मजेसाठी वाचताहेत. त्या मजेचा इतिहास मला आमच्या घाटनांदूरहून सांगायचाय, कारण इथून तो पुण्या-मुंबईपेक्षा जरा वेगळा दिसतो.

नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ साली आली. ती काही 'कुमारांसाठी' म्हणून लिहिलेली नव्हती. पण गुप्त वाटा, तलवारी, वेषांतरं असलेलं पुस्तक घरात आलं की ते आधी कोणाच्या हाती लागतं, हे सांगायला नको. पोरांनी ते आपलं करून टाकलं. आमच्याकडे मात्र तेव्हा निजामाचं राज्य होतं. सरकारी माध्यमिक शाळा उर्दूतून चालत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. घाटनांदूरवरून जाणारी परळी-विकाराबाद रेल्वेसुद्धा निजामाच्या कंपनीची. तिचं तोंड हैदराबादकडे. मराठी कादंबऱ्या छापल्या जात त्या पुण्या-मुंबईला, म्हणजे नेमक्या उलट्या दिशेला. अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, १९१७ साली योगेश्वरी शाळा सुरू झाली, तशा मोजक्या खासगी शाळांनी मराठी धरून ठेवली. त्या काळात या भागात एखाद्या पोराच्या हाती मराठी कादंबरी असणं म्हणजे अभ्यासाच्या पूर्ण बाहेरची गोष्ट होती. तिला मार्क नव्हते, नोकरी नव्हती. होती ती फक्त गोडी.

पुढे मराठी किशोरवाचनाला दोन वाटा फुटल्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं आणि १९३५ साली ते पुस्तक निघालं. हे मोठ्यांनी लहानांच्या हातात ठेवायचं पुस्तक झालं: वाढदिवसाला, बक्षीस समारंभात, शाळेच्या कपाटात सगळ्यात पुढे. दुसरीकडे बाबूराव अर्नाळकर होते. त्यांचा काळा पहाड, झुंजार, धनंजय आणि त्याचा छोटू यांच्या हजाराहून जास्त रहस्यकथा निघाल्या. त्या कोणी बक्षीस म्हणून देत नसे. त्या भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायच्या. एका वाटेला संस्कार, दुसरीला चोरी. एक पुस्तक रडवायचं, दुसरं जागवायचं. खरं तर पोरांना दोन्ही हवं होतं, पण घरात मान एकालाच होता.

ही फाळणी ज्यांनी मोडली ते भा. रा. भागवत. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, 'बालमित्र' नावाचं मासिक चालवलं आणि बनेश उर्फ फास्टर फेणे जन्माला घातला. फेणेची वीस पुस्तकं आहेत. आईवडिलांनी हरकत घ्यावी असं त्यांत काही नाही, आणि तरी ती उपदेश करत नाहीत. काटकुळा पोरगा, हाताशी सायकल, तोंडात 'ट्टॉक', आणि जिथे गडबड तिथे हा हजर. तो शूर आहे ते कोणी शिकवलं म्हणून नाही. त्याला गप्प बसवत नाही म्हणून.

फेणेची चर्चा निघाली की लोक पुण्याची विद्याभवन शाळा आठवतात. मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. फेणे मूळचा पुण्याचा नाही. तो फुरसुंगीचा. फुरसुंगी आज पुण्याला चिकटलीय, पण तेव्हा ते वेगळं गाव होतं. फेणे गाव सोडून वसतिगृहात राहायला आलेला पोरगा आहे. त्यामुळे तो घाटनांदूरच्या पोराला परका वाटत नाही. आमच्याकडे दहावीनंतर, कधी त्याआधीच, ट्रंक घेऊन अंबाजोगाईला किंवा लातूरला जाणं हे ठरलेलंच. शहर आपलं नसताना त्यात धीटपणे हिंडायचं कसं, हे फेणे गमतीगमतीत दाखवतो.

१९६७ हे साल इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेत त्या वर्षी एस. ई. हिंटन या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलीची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी आली. भांडणाऱ्या, घाबरलेल्या, एकमेकांना धरून राहणाऱ्या पोरांची ती गोष्ट. तिथल्या 'यंग अडल्ट' कादंबरीची खरी सुरुवात पुष्कळ जण तिच्यापासून धरतात. त्याच वर्षी महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. मराठवाड्याला त्याआधी १९५५चा हैदराबादचा ग्रंथालय कायदा होता. म्हणजे तिकडे या वयाला लेखिका मिळाली, इकडे वाचनालयाला अनुदान. गावोगावच्या छोट्या वाचनालयांत पेपर आले, कपाटं आली. पण या वयासाठी वेगळं कपाट कुठून येणार? १९७१च्या नोव्हेंबरात बालभारतीनं 'किशोर' मासिक सुरू केलं. सातवी-आठवीच्या वाचकाला ते मोठा आधार ठरलं. पण मिसरूड फुटल्यावर पुढे काय, हा प्रश्न राहिलाच.

त्याचं उत्तर फार उशिरा आलं, आणि आलं तेही मोठ्यांच्या कपाटातून. प्रकाश नारायण संतांचा लंपन १९९४च्या 'वनवास'मधून भेटला. त्या कथा आहेत, कादंबरी नव्हे, पण चार पुस्तकं सलग वाचली की लंपन आपल्यासोबत मोठा होतो. त्याची मराठी बेळगावकडची, कानडीत भिजलेली. प्रमाण मराठीबाहेरचं बोलणारा पोरगाही पुस्तकाच्या मध्यभागी बसू शकतो, हे लंपननं आम्हाला दाखवलं. २००४ साली मिलिंद बोकीलांची 'शाळा' आली. आणीबाणीचं वर्ष, नववीचा वर्ग, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसणारी चार पोरं आणि एक शिरोडकर. इथे पकडायला चोर नाही. जे कोडं आहे ते स्वतःच्याच मनाचं आहे. फेणे बाहेर धावतो, 'शाळा'तला जोशी आत. या वयाला दोन्ही लागतं.

२०१७ साली फेणेवर सिनेमा निघाला. आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या बाभळगावच्या घरातला रितेश देशमुख त्याचा निर्माता. त्यातला फेणे मोठा झालाय आणि पुण्याला आलाय तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला. इतका नेमका बदल मी दुसरा पाहिला नाही. कारण आज आमच्या भागात पंधरा ते अठरा ही तीन वर्षं याच परीक्षेची असतात. लातूरच्या भाड्याच्या खोल्यांत 'नीट'ची जाडजूड पुस्तकं उघडी असतात आणि कादंबरी पुन्हा तिथेच गेलीय जिथे अर्नाळकरांच्या वेळी होती: लपवून ठेवायच्या वस्तूंत. तेव्हा घरच्यांना पोरगं बिघडेल अशी भीती होती, आता मार्क जातील अशी आहे.

माझं म्हणणं एवढंच, की या वयाची कादंबरी इथे कधीच कोणी ताटात वाढून दिली नाही. निजामाच्या काळात नाही, नंतर नाही, आता नाही. पोरांनी ती प्रत्येक वेळी कुठून तरी मिळवली. पोरींना तर ती घरकाम आणि अभ्यास दोन्हींतून वेळ काढून मिळवावी लागली. आणि दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या लेकरांसाठी तर कपाट सोडा, शाळेचा बाकसुद्धा अर्धं वर्ष रिकामा राहतो. आपला पुढचा फेणे त्या फडावरून यावा अशी माझी फार इच्छा आहे. ज्यानं ते जगलंय, त्यानंच तो लिहावा. हिंटननं परवानगी मागितली नव्हती.

तोवर एक सोय आहे. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन ठेवलेत, फुकट. ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय, त्यावरच ते उघडतात. परळीहून लातूर रोडला जाणाऱ्या गाडीत एखादी गोष्ट आरामात संपते.